‘कुली’ शब्दातून गळालेली मजुरी

आमच्या ओळखीच्या एका घरात काही दिवसांपूर्वी घडलेली ही गोष्ट आहे. घरातली धाकटी नात शाळेतून आली, दप्तर खाली ठेवले आणि तिने आजोबांना विचारले, “आजोबा, आपले पणजोबा कुली होते का?” वर्गात २ नोव्हेंबरच्या सुट्टीविषयी धडा झाला होता. त्यात हा शब्द आला आणि मधल्या सुट्टीत कोणा मुलाने तिच्याकडे बोट दाखवून तो पुन्हा उच्चारला. प्रश्न साधा होता, पण घरात सगळे गप्प झाले. मुलीचे वडील म्हणाले, “नाही गं, आपण शेतकरी होतो.” काका म्हणाले, “आपण मराठे. शिवाजी महाराजांच्या मुलखातून आलो.” आजी म्हणाली, “असले शब्द घरात बोलू नयेत.” आजोबा मात्र काहीच बोलले नाहीत.

ही हकीकत ऐकल्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. वडिलांचे उत्तर खोटे नव्हते, काकांचेही नव्हते आणि आजीची तळमळही आम्हाला समजते. परंतु त्या मुलीने जे विचारले त्याचे उत्तर या तिघांपैकी कोणीच दिले नाही. आमची खात्री आहे की हा प्रश्न त्या एकाच घरात विचारला गेलेला नाही. व्हाक्वापासून कास्काव्हेलपर्यंत मराठी वंशाच्या कितीतरी घरांत तो कधी ना कधी विचारला गेला असेल आणि तसाच विरूनही गेला असेल.

या शब्दाविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. काही वडीलधारी मंडळी म्हणतात की हा शब्द शिवी आहे, तो पुसून टाकावा. काही तरुण म्हणतात की हा शब्द आपला झेंडा आहे, तो मिरवावा. आमचे म्हणणे जरा निराळे आहे. पुसण्याआधी किंवा मिरवण्याआधी तो शब्द आला कुठून, त्याचा मूळ अर्थ काय आणि तो कोणी बदलला, हे आधी पाहावे. ते पाहिले की मुलीला द्यायचे उत्तर सापडते. शिवाय आज आपल्या अंगावर कोणते कर्तव्य येते, तेही कळते.

कुली हा शब्द आज इंग्रजी कोशात आहे, पण त्याचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही. ओझे वाहणाऱ्यासाठी इंग्रजांकडे ‘पोर्टर’ हा शब्द होताच. लॅटिनमधल्या ‘वाहणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. फ्रेंच जाणणाऱ्या आपल्या मुलांना ‘पोर्ते’ म्हणजे उचलून नेणे हे सांगावे लागत नाही. मग स्वतःचा शब्द असताना त्यांनी आपल्या लोकांसाठी दुसरा का घेतला? आमच्या मते कारण उघड आहे. पोर्टर हा त्यांच्या गावचा, त्यांच्या रंगाचा माणूस होता. दोघांच्या डोक्यावरचे ओझे सारखेच असले, तरी दोघांना एकाच नावाने हाक मारायची त्यांची तयारी नव्हती.

हा दुसरा शब्द त्यांना भारताच्या किनाऱ्यावर मिळाला. तो नेमका कोणत्या भाषेतून आला याविषयी विद्वानांत जुना वाद आहे. एक मत असे की तो तमिळमधल्या ‘कूली’ या शब्दावरून आला. तमिळ, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम या चारही भाषांत कूली म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. आपल्या शेजारच्या तमिळ बांधवांना विचारा, ते आजही हाच अर्थ सांगतील. दुसरे मत यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आहे. त्यांच्या मते हा शब्द पश्चिम भारतातल्या ‘कोळी’ या जमातीच्या नावावरून आला आणि पुढे त्यात दक्षिणेतल्या कूलीचा अर्थ मिसळला. याखेरीज, गुलाम या अर्थाच्या एका तुर्की शब्दाची छायाही त्यावर पडली असावी, असे काही कोशकार मानतात.

दुसरे मत ऐकून आपण मराठी माणसांनी कान टवकारले पाहिजेत. कोळी म्हणजे आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे दर्यावर्दी लोक आणि मुंबई बेटांचे जुने रहिवासी. आपले आजे-पणजे ज्या मुंबई बंदरातून बोटीत बसले, तिथे बंदर होण्याच्या कितीतरी आधी या कोळ्यांची होडकी लागत होती. हे मत खरे असेल तर एका मानी जमातीचे नाव परक्यांच्या लेखणीत उतरताना बाजारी झाले. पहिले मत खरे असेल तर मजुरीचे, म्हणजे घामाच्या पैशाचे नाव तसे झाले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, मूळ शब्दात लाज वाटावी असे काहीही नाही. गुलामीची छाया पडली असेलच, तर ती मागाहून पडली.

पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच असे जे जे व्यापारी पूर्वेला आले, त्या सर्वांच्या तोंडी हा शब्द बसला. मग जिथे जिथे त्यांच्या बोटी गेल्या तिथे तिथे तो गेला. चीनमध्ये तो पोहोचला तेव्हा तिथल्या लोकांनी तो लिहिण्यासाठी दोन अक्षरे निवडली. एकाचा अर्थ कडू किंवा कष्टाचे, दुसऱ्याचा अर्थ बळ. उच्चार परका, पण लिहिताना त्यांनी त्यात कष्टाचा अर्थ भरला. डच सरकारने १८८० साली सुमात्रातल्या मळ्यांसाठी मजुरांचा कायदा केला, त्याच्या नावातच ‘कुली’ हा शब्द होता. असा हा शब्द बाजारातून कायद्यात गेला. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या भाषेचा, सुतार की शेतकरी, हे विचारण्याची मग कोणाला गरज उरली नाही.

आता आपल्या बेटाकडे येऊ. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज पोर्ट लुईला आले. त्यात ३६ मजूर होते आणि त्यांचा करार कलकत्त्यात झाला होता. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, इथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना गुलामांच्या जागी दुसरे हात हवे होते आणि इंग्रज सरकारला हा प्रयोग करून पाहायचा होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून माणसे येऊ लागली. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली आपली माणसे मुंबईहून आली. १८४९ साली पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घेण्यासाठी डेपो उभा राहिला. १९२० पर्यंतच्या काळात भारतातून जवळजवळ पाच लाख माणसे आली. त्यांतली बरीच इथे राहिली, काही परत गेली, काही पुढे रेयुनियन, आफ्रिका किंवा कॅरिबियन बेटांकडे गेली.

लोकांच्या बोलण्यात त्या डेपोचे नाव ‘कुली घाट’ असे पडले. मराठी माणसाला घाट या शब्दाचे दोन अर्थ ठाऊक आहेत. एक नदीच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा आणि दुसरा सह्याद्रीच्या अवघड चढणीचा. आपल्या लोकांनी पोर्ट लुईला दोन्ही अनुभवले. पाण्यातून पायऱ्या चढून ते वर आले आणि पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची चढण तिथूनच सुरू झाली.

करार काय होता? पाच वर्षे काम आणि पुरुषाला महिना पाच रुपये, सोबत शिधा आणि कपडे. म्हणजे कागदावर ती मजुरीच होती. तमिळ अर्थाने खरोखरीची कूली. गुलाम आणि मजूर यांत फरक तो एवढाच आणि एवढा मोठा. गुलामाला मोबदला नाही, मजुराला आहे. परंतु कामावर एक दिवस आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत इथे होती. तिला ‘डबल कट’ म्हणत. माणूस तापाने फणफणला तरी महिनाअखेरीस हिशेब उलटाच निघे. कराराची मुदत संपलेल्यांनाही पासाशिवाय रस्त्याने मोकळे हिंडता येत नसे. पास नसला तर तुरुंग. १८७१ साली आडॉल्फ द प्लेवित्स या गृहस्थांच्या मदतीने जुन्या मजुरांनी गव्हर्नरांकडे अर्ज केला. त्यावर ९४०१ सह्या होत्या. त्यानंतर १८७२ साली विलायतेहून चौकशी आयोग आला आणि १८७५ साली त्याचा अहवाल निघाला. त्या सह्या करणाऱ्यांना आपल्या श्रमाची किंमत नीट कळत होती. लाचार माणसे असा अर्ज करीत नाहीत.

आमचा मुख्य मुद्दा इथेच आहे. ‘कूली’ या शब्दाचा अर्थ ‘माणसाला द्यायचे देणे’ असा होता. तो ‘देण्यालायक नसलेला माणूस’ असा कधी झाला? ज्या दिवशी मजुरी कापली गेली, बुडवली गेली, त्या दिवशी. शब्दातून मजुरी गळाली आणि ओझे तेवढे उरले. म्हणून शिवी मूळ शब्दात शोधू नये. हिशेबाच्या वहीतल्या लबाडीने ती तयार केली.

ती फक्त मळ्यात राहिली नाही. दक्षिण आफ्रिकेत गेलेला प्रत्येक भारतीय, तो व्यापारी असो की वकील, गोऱ्यांच्या लेखी कुलीच होता. गांधीजींनाच तिथे ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. आपल्या आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. १९०१ साली भारतात जाताना ते पोर्ट लुईला उतरले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ते उतरले तेव्हा कुली म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे राहिले नव्हते.

आणखी एक नाव आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. ज्या लाल मातीतून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज आले, त्याच मातीतला हा माणूस. १९१० साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडे करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे. तो ठराव मान्य झाला. १९१२ साली त्यांनी पुढचा ठराव मांडला की ही पद्धतच सगळीकडून काढून टाकावी. तो सरकारी सभासदांच्या मतांनी फेटाळला गेला. गोखले १९१५ साली वारले आणि १९१७ साली ही भरती थांबवावी लागली. आपल्या बैठकांतून आपण संतांची आणि शिवरायांची नावे घेतो, ती घ्यावीतच. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावरचा करार पुसण्यासाठी झटलेल्या या मराठी माणसाचे नावही तिथे घेतले जावे.

इतका वेळ आम्ही परक्यांच्या तोंडातल्या शब्दाविषयी बोललो. आता आपल्या घरातले शब्दही तपासू या. ‘मोलकरीण’ हा शब्द घ्या. मोल म्हणजे किंमत, मजुरी. मोलाने काम करणारी ती मोलकरीण. तमिळ कूलीचा आणि आपल्या मोलाचा अर्थ अगदी एकच. तरीही मोलकरीण म्हटल्यावर आपल्या आवाजात काय येते, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. ‘हमाल’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ सरळ ‘वाहणारा’ एवढाच. पण फुकट गेलेल्या, बिनबुद्धीच्या कामाला आपण ‘हमाली’ म्हणतो. ‘वेठीला धरणे’ हा वाक्प्रचार तर आपण रोज वापरतो. गावातल्या गरिबाला पकडून मोबदल्याशिवाय ओझी वाहायला लावीत, ती वेठ. आपल्याच गावांत, आपल्याच लोकांनी ती लावली होती. तेव्हा माणसाची मजुरी बुडवून त्याचे नाव हलके करण्याचे काम साहेबानेच केले, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

आणि ओझ्याविषयी प्रेमाचे शब्दही आपल्याच भाषेत आहेत. डोक्यावर भार घेताना खाली ठेवायची कापडाची गोल गुंडाळी, ती ‘चुंबळ’. आपल्या किती मुलांना हा शब्द ठाऊक आहे? ऊस वाहणाऱ्या, लाकडाच्या मोळ्या आणणाऱ्या आपल्या आज्यांच्या डोक्यावर तीच असे. क्रेओलमध्ये आपण ‘गोनी’ म्हणतो, इंग्रज ‘गनी’ म्हणतो. ती दोन्ही आपल्या ‘गोणी’चीच लेकरे आहेत. १९८० साली पोर्ट लुईला सुट्या साखरेचे टर्मिनल सुरू झाले. तोपर्यंत या बेटाची साखर गोणीत भरून माणसांच्या खांद्यावरून बोटीत चढत असे. ऊसमळ्यांतल्या काळ्या दगडांच्या त्या उंच राशी आपण मोटारीतून जाताना पाहतो. जमीन मोकळी करण्यासाठी ते दगड एकेक करून हातांनी उचलावे लागले. आधी गुलामांचे हात होते, मग आपल्या माणसांचे. मिरीच देशात दगड उलथला की खाली सोने सापडते, असे सांगून माणसे आणली गेल्याची आठवण आपल्याकडे घरोघर सांगतात. सोने निघाले ते दुसऱ्यांच्या पेटीत गेले. पण रास तिथेच आहे आणि ती कोणी रचली हे सांगायला लाजायचे कारण नाही.

शब्दाला गेलेला मान परत मिळतो का? मिळतो. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत डोक्यावर, पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना ‘माथाडी’ म्हणतात. पूर्वी त्यांना ना ठरलेली मजुरी होती, ना मालक. आज या पेढीचे काम, उद्या त्या पेढीचे. त्यांनी संघटना बांधल्या आणि १९६९ साली महाराष्ट्र सरकारने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्या कायद्याने मंडळे नेमली. कामगारांची आणि मालकांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमालांची संघटना उभी राहिली, तिने आपले नावच ‘हमाल पंचायत’ ठेवले. शब्द बदलला नाही. शब्दामागे मजुरी आणि हक्क उभे राहिले, तेव्हा त्याच शब्दाला वजन आले.

याउलट नुसते नाव बदलल्याने किती फरक पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारताचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी अर्थसंकल्पात जाहीर केले की स्थानकावरच्या कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणावे. हेतू चांगला होता आणि मंत्री कोकणचेच होते, याचाही आम्हाला आनंद वाटला. परंतु पेटी तीच आणि घासाघीसही तीच राहिली, तर नवे नाव चार वर्षांत जुन्याइतकेच मळते. १९८३ साली ‘कुली’ नावाचा हिंदी चित्रपट आला, तो आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवून पाहिला. मुल्कराज आनंदांची ‘कुली’ नावाची इंग्रजी कादंबरी १९३६ सालची. पडद्यावरच्या कुलीला आपण डोक्यावर घेतो आणि घरात तो शब्द उच्चारू देत नाही, हे कसे?

आपल्या बेटाने या बाबतीत दोन वाटा चोखाळल्या आहेत. एक सरकारची. १९८७ साली तो डेपो राष्ट्रीय स्मारक झाला आणि ‘आप्रवासी घाट’ हे नाव रूढ झाले. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. दुसरी वाट कवीची. आपल्याच बेटावरचे कवी खाल तोराबुल्ली यांनी १९९२ साली ‘कुलित्यूद’ हा शब्द वापरला आणि शिवी म्हणून फेकलेल्या नावातच जगभर विखुरलेल्या मजुरांच्या वंशजांचे नाते शोधले. आम्हाला दोन्ही वाटा मान्य आहेत. स्मारकाचे नाव आदराचे असावे. सरकारी फलकावर शिवीसारखा वापरला गेलेला शब्द नको. पण घरात आणि वर्गात तो जुना शब्दही मुलांना समजावून सांगितला पाहिजे. झाकून ठेवलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडून मुलांच्या कानावर पडतो, आणि मग तो दुसऱ्याच्याच अर्थाने पडतो. त्या नातीचे नेमके हेच झाले.

आता शेवटचा मुद्दा. तो कडू लागेल, तरी तो सांगण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. आज या बेटावरची ओझी कोण वाहते? कापडगिरण्यांत, इमारतींच्या कामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून आलेली आणि खुद्द भारतातून आलेली तरुण माणसे आहेत. तेही करार करून आले आहेत. त्यांच्याही घरी कोणी आई, कोणी बायको पैशाची वाट पाहत आहे. आपण त्यांच्याविषयी कसे बोलतो? त्यांचे नाव विचारतो का? की देशाचे नाव घेऊनच हाक मारतो? मुंबईहून आलेल्या आपल्या पणजोबांनाही वहीत ‘बॉम्बे’ म्हणून लिहिले गेले होते आणि त्यांची भाषा, त्यांचे गाव कोणाच्या ओठांवर नव्हते. आपल्यापैकी काही जण आज मालक आहेत, मुकादम आहेत, घरमालक आहेत. एखाद्या कामगाराची मजुरी उशिरा मिळते, कापली जाते, तो दहाजणांत एका खोलीत झोपतो, हे कानावर आले तर आपण काय करतो? २ नोव्हेंबरला घाटावर फुले वाहायची आणि ३ तारखेला दुसऱ्याच्या मुलाला कुली करायचे, हे आपल्या पूर्वजांना आवडले नसते. हे आम्ही दुसऱ्यांना सांगत नाही, आमच्या घरापासूनच सांगतो. आमच्याही बोलण्यात असे शब्द आले आहेत आणि त्याची आम्हाला आज लाज वाटते.

म्हणून आमची वाचकांना तीन विनंत्या आहेत. पहिली, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, क्रमांक, वय, उंची, गाव अशी माहिती त्यांत आहे. आपल्या पूर्वजाची नोंद शोधावी आणि ती मुलांना वाचून दाखवावी. ज्याचे नाव ठाऊक आहे, त्याला कोणी नुसता कुली म्हणू शकत नाही. दुसरी, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कष्टाचे जुने मराठी शब्द विचारून लिहून ठेवावेत. चुंबळ, मोळी, कावड, पाटी, असे अजून कितीतरी निघतील. ते गेले तर ती माणसे दुसऱ्यांदा जातील. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे काम करणाऱ्याची मजुरी पुरी आणि वेळेवर द्यावी आणि त्याला नावाने हाक मारावी. ‘कूली’चा मूळ अर्थ पाळण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही.

आणि त्या नातीला काय सांगावे? आम्ही असतो तर सांगितले असते, “होय बाळ, लोक त्यांना कुली म्हणत. त्या शब्दाचा अर्थ कामाचा मोबदला. तुझ्या पणजोबांनी काम पुरे केले, मोबदला मात्र त्यांना पुरा मिळाला नाही. म्हणून तो शब्द कानाला कडू लागतो. लाज त्यांची नाही, ज्यांनी पैसे कापले त्यांची आहे. उद्या कोणी तुला तसे म्हटले तर मान खाली घालू नकोस. आणि तू मोठी झालीस की कोणाचे पैसे कापू नकोस.”

आजोबांना हे सगळे ठाऊक असणार, असे आम्हाला वाटते. त्यांनी लहानपणी आपल्या आज्याचे खांदे पाहिले असतील. नातीने पुन्हा विचारले तर त्यांनी गप्प राहू नये, एवढीच आमची त्यांना हात जोडून विनंती आहे.